सान लोरेन्सोची खापरे: व्यापार खरंच एकतर्फी होता का?

फेब्रुवारी २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मेक्सिकोतल्या खापरांवर एक निबंध छापून आला. जेफ्री ब्लॉम्स्टर, हेक्टर नेफ आणि मायकेल ग्लास्कॉक हे त्याचे लेखक. ओल्मेक म्हणजे मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावरची एक प्राचीन संस्कृती. तिची राजधानी म्हणावी अशा सान लोरेन्सोतून भांडी दूरदूर गेली, पण बाहेरची भांडी तिथे आली नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. सहा महिन्यांत, ऑगस्टमध्ये, अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या मुखपत्रात त्याला उत्तर आले: देवाणघेवाण दुतर्फी होती. काळ तोच, संस्कृती तीच, भांड्यांच्या जातीही बऱ्याचशा त्याच, तरी निकाल उलटे लागले. हे कसे घडले आणि कोणत्या वळणावर कोणता निर्णय घेतला गेला, त्याची ही मांडणी.

पार्श्वभूमी

सान लोरेन्सो मेक्सिकोच्या आखाती किनारपट्टीवर, आजच्या वेराक्रूझ राज्यात, कोआत्साकोआल्कोस नदीच्या खोऱ्यात आहे. या वस्तीचा भरभराटीचा काळ साधारण इ.स.पू. १४०० ते १०००. अवाढव्य दगडी मस्तकांमुळे ती जगाला माहीत झाली. अशी दहा मस्तके तिथे सापडली आहेत आणि त्यांचा बसाल्ट सुमारे साठ किलोमीटरवरच्या तुश्त्ला डोंगरांतून आणलेला आहे. मायकेल को आणि रिचर्ड डील यांनी १९६६ ते १९६८ या काळात इथे मोठे उत्खनन केले. १९९० पासून अ‍ॅन सायफर्स यांनी ते काम पुढे नेले.

या काळातल्या भांड्यांच्या अर्थकारणाबद्दल दोन गोष्टी आधी ध्यानात घ्यायला हव्यात. मेसोअमेरिकेत, म्हणजे आजचा मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेचा काही भाग मिळून होणाऱ्या प्रदेशात, कुंभाराचे चाक नव्हते. भांडी हाताने, मातीच्या वळ्या एकावर एक रचून घडवत. आणि ओझे वाहायला जनावर नव्हते. बैल, घोडा, गाढव यांतले काहीच नाही. नदी असेल तिथे होडी, नाहीतर माणसाची पाठ. चांगली माती तर बहुतेक गावांच्या आसपास मिळायची आणि भांडी घरोघरी किंवा गावातल्या गावात होत. मग दक्षिण मेक्सिकोतल्या डोंगराळ वाहाका खोऱ्यातल्या एखाद्या कुटुंबाने सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरवरून, मधले डोंगर ओलांडून, एक कोरीव वाडगा का आणवून घ्यावा? स्वयंपाकाची गरज हे त्याचे उत्तर नक्कीच नाही.

तरी वाहाका, चियापासचा पॅसिफिक किनारा, मेक्सिकोचे खोरे अशा एकमेकांपासून लांब असलेल्या ठिकाणी एकाच वळणाची भांडी सापडतात. काळपट वा करड्या वाडग्यांवर खोल कोरलेली चिन्हे असतात: फुलीसारखे छेदणारे पट्टे, ज्वाळांसारख्या भुवया, पंजे, खाचेचे डोके. सान लोरेन्सोच्या अभ्यासकांनी त्यातल्या कोरीव जातीला काल्सादास आणि रेखांकित जातीला लिमोन अशी नावे दिली. केओलिनच्या पांढऱ्या मातीची एक नाजूक जात आहे, तिचे नाव शोचिल्तेपेक.

या सारखेपणावरून अभ्यासकांचे दोन तट फार पूर्वीच पडले होते. १९४२ च्या तुश्त्ला गुतिएरेसच्या परिषदेत अल्फोन्सो कासो यांनी ओल्मेक ही पुढच्या साऱ्या संस्कृतींची 'माता' असल्याचे मांडले. केंट फ्लॅनरी आणि जॉयस मार्कस यांनी वाहाकात वर्षानुवर्षे काम करून वेगळे मत बनवले. त्यांच्या मते या साऱ्या भगिनी होत्या. एकमेकींशी स्पर्धा करत, एकमेकींकडून घेत त्या वाढल्या. वाहाकातल्या सान होसे मोगोते या गावी त्यांना असेही दिसले की आकाश-विजेचे चिन्ह असलेली भांडी एका वस्तीत आणि धरणी-भूकंपाचे चिन्ह असलेली भांडी दुसऱ्या वस्तीत जास्त सापडतात. म्हणजे स्थानिक लोक ही चिन्हे आपल्या कुळांच्या ओळखीसाठी वापरत होते, परक्या राजधानीची आंधळी नक्कल करत नव्हते, असा त्यांचा युक्तिवाद.

अडचण काय होती

नक्षी सारखी आहे, एवढ्यावरून भांडे कुठे घडले हे कळत नाही. भांडे स्वतः प्रवास करून आलेले असू शकते. लग्न होऊन आलेल्या बाईने माहेरची पद्धत सासरी चालवली असेल. किंवा कोणी पाहुणचारात पाहिलेली नक्षी घरी येऊन आपल्या मातीत उतरवली असेल. पहिल्या शक्यतेत व्यापार वा आहेर आहे, दुसरीत सोयरीक, तिसरीत निव्वळ अनुकरण. उत्खननात मात्र तिन्हींचे खापर एकसारखे दिसते.

हा पेच आपल्याकडेही येऊन गेला आहे. पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूच्या उत्खननात मॉर्टिमर व्हीलर यांना चक्राकार नक्षीची 'रूलेटेड' भांडी मिळाली आणि त्यांचा संबंध भूमध्य सागराकडच्या देशांशी जोडला गेला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या विश्वास गोगटे यांनी क्ष-किरण विवर्तनाने त्यांची माती तपासली आणि ती गंगेच्या खालच्या खोऱ्यातली, चंद्रकेतुगढ-तामलुक भागातली ठरवली. वळण परदेशी वाटले तरी माती देशी निघू शकते.

२००५ च्या संशोधकांचा प्रश्नही असाच मातीचा होता. पण त्यात दोन प्रश्न एकत्र झाले होते आणि पुढचा गोंधळ बराचसा त्यातून झाला. सान लोरेन्सोची भांडी बाहेर गेली का, हा एक. बाहेरची भांडी सान लोरेन्सोला आली का, हा दुसरा. पहिल्याचे 'हो' सिद्ध करायला मोजकी पक्की खापरेही पुरतात. दुसऱ्याचे 'नाही' सिद्ध करणे कितीतरी अवघड, कारण तिथे न सापडणे हाच पुरावा धरावा लागतो.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय नजरेचा: आकार, रंग, घोटाई, नक्षी. स्वस्त आहे, लाखो खापरांवर चालतो आणि प्रत्येक उत्खनन त्याच्यावरच उभे असते. पण वाद ज्या सारखेपणावरून होता, तोच सारखेपणा पुरावा म्हणून वापरता येत नव्हता.

दुसरा पर्याय न्यूट्रॉन सक्रियण पृथक्करणाचा. खापराची चिमूटभर भुकटी अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवायची आणि नंतर तिच्यातून निघणारे गॅमा किरण मोजायचे. तीसेक मूलद्रव्यांचे प्रमाण कळते, त्यातली काही दशलक्ष भागांत एखादा भाग इतक्या अल्प मात्रेतली. मग संख्याशास्त्राने खापरांचे गट पाडायचे. गृहीत असे की दोन ठिकाणच्या मातींमधला फरक हा एकाच ठिकाणच्या मातीतल्या अंतर्गत फरकापेक्षा मोठा असतो. शेकडो नमुने तपासता येतात आणि मिसुरी विद्यापीठाच्या अणुभट्टीकडे मेसोअमेरिकेच्या खापरांचा मोठा आकडेसंग्रह आधीच जमलेला होता.

तिसरा पर्याय पातळ कापाचा. खापराचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप करून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि मातीतले खनिजकण, खडककण ओळखायचे. कण नाइस या पट्टेदार खडकाचा आहे, ज्वालामुखीच्या राखेचा आहे, की वाळूखडकाचा? भूगर्भीय नकाशा हाताशी असला की कुठल्या भागातला कण आणि कुठल्या भागात अशक्य, हे सांगता येते. काम संथ, तज्ज्ञाच्या डोळ्यावर अवलंबून, म्हणून नमुने थोडेच होतात.

या दोन पद्धतींतला फरक सरळ सांगायचा तर, पहिलीत भेळ मिक्सरमधून काढून तिच्यात मीठ किती, लोह किती ते मोजतात, दुसरीत चुरमुरे, शेव, कैरी वेगवेगळे ओळखतात. कुंभाराने चिकणमातीत वाळू मिसळली तर पहिल्या पद्धतीला माती आणि वाळू यांची एकत्र बेरीज दिसते. दुसऱ्या पद्धतीला वाळू छान दिसते, पण बारीक चिकणमाती जवळजवळ दिसतच नाही. एकीची उणीव दुसरी भरून काढते, हे दोन्ही बाजूंच्या लोकांना चांगले ठाऊक होते.

काय केले

ब्लॉम्स्टर आणि सहकाऱ्यांनी न्यूट्रॉनची वाट धरली. सान लोरेन्सो, वाहाकातली आणि चियापासच्या किनाऱ्यावरची स्थळे, मेक्सिकोच्या खोऱ्यातले त्लापाकोया आणि ब्लॉम्स्टर यांनी स्वतः खणलेले मिश्तेकातले एत्लातोंगो अशा ठिकाणची ७२५ खापरे त्यांनी तपासली, शिवाय मातीचे नमुनेही घेतले. निर्णय समजण्यासारखा होता. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशाचे चित्र कापांनी उभे करायचे तर आयुष्य गेले असते. आणि १९९९ मध्येच वाहाकाच्या खापरांवरच्या न्यूट्रॉन अभ्यासात सान लोरेन्सोकडून आलेल्या मालाच्या खुणा दिसल्या होत्या.

निकाल ठळक होते. बहुतेक ठिकाणी ओल्मेक वळणाची भांडी दोन प्रकारची निघाली: काही स्थानिक मातीत केलेली, तर काही थेट सान लोरेन्सोच्या रासायनिक गटात बसणारी. पांढऱ्या शोचिल्तेपेक भांड्यांचा उगमही त्यांनी सान लोरेन्सोलाच ठेवला. वाहाकाचा माल चियापासला किंवा चियापासचा त्लापाकोयाला गेल्याचे त्यांना आढळले नाही. सान लोरेन्सोत बाहेरचे एकही खापर आढळले नाही.

इथे खरा निर्णायक क्षण आला, आणि तो प्रयोगशाळेत आला नाही, लिहायच्या टेबलावर आला. 'आमच्या नमुन्यांत आयात दिसली नाही' असे लिहिता आले असते. निबंधाचा सूर मात्र असा लागला की आयात झालीच नाही, प्रादेशिक केंद्रांनी आपसात ओल्मेक वळणाच्या भांड्यांची देवाणघेवाण केलीच नाही, सारे काही एका केंद्रातून बाहेर वाहिले. 'माता संस्कृती'च्या बाजूने हा कौल होता आणि वृत्तपत्रांनी तो तसाच उचलला.

हा सूर लावताना सान लोरेन्सोबद्दल आधीच माहीत असलेली एक गोष्ट बाजूला पडली असे मला वाटते. त्या वस्तीत बाहेरचा माल भरपूर येत होता. काचेसारख्या ऑब्सिडियनची पाती पुएब्ला आणि ग्वाटेमालातल्या खाणींतून येत. लोहखनिजाचे घासून चकचकीत केलेले छोटे आरसे वाहाकातून येत असल्याचे १९७० च्या दशकातच दाखवले गेले होते आणि ते आरसे सान होसे मोगोतेच्याच एका वस्तीत बनत. वाहाकातून आरसे घेऊन येणारी माणसे एकही वाडगा घेऊन आली नाहीत, असे म्हणायचे तर त्याला भक्कम कारण द्यावे लागते. ते अशक्य नाही. आरसा हलका, मोलाचा, न फुटणारा. पण मग तो व्यापाराबद्दलचा दावा होतो आणि त्याचा पुरावा वेगळा गोळा करावा लागतो.

दुसऱ्या बाजूने काय केले

फ्लॅनरी, मार्कस यांच्या बाजूने जेम्स स्टोल्टमन पुढे आले. त्यांनी पातळ कापांची पद्धत निवडली. नमुने मोजकेच, पण नेमक्या वादाच्या जागचे. सान लोरेन्सोत सापडलेल्या काही खापरांत त्यांना असे खडककण दिसले जे वाहाकाच्या प्राचीन नाइसच्या भूगर्भाशी जुळतात आणि आखाताच्या गाळाच्या मैदानाशी जुळत नाहीत. ही भांडी वाहाकातल्या करड्या भांड्यांसारखी होती. निष्कर्ष: वाहाकातून सान लोरेन्सोला भांडी जात होती, डोंगराळ भागातली केंद्रे आपसातही भांडी पाठवत होती, आणि पांढरी भांडी सगळी एकाच ठिकाणची आहेत हे मान्य करता येत नाही.

त्यांनी विरोधी पक्षाच्या सर्वांत कमकुवत जागेवर नेम धरला. 'एकही नाही' हा दावा पाडायला एक पक्के खापर पुरते. मोठ्या नमुनासंग्रहाशी बरोबरी करायची गरजच नव्हती. पण त्यांचाही सूर पुढे सरकला. थोड्या कापांवरून 'मातृ-प्रतिमान मोडीत निघाले' इथवर उडी घेतली गेली. बाहेरची भांडी आली, हे त्यातून दिसते. किती आली, हे दिसत नाही. दहा घरांत एक आणि शंभर घरांत एक यांत अर्थकारणाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शिवाय त्या कणांबद्दलही एक शंका घेता येते. कोआत्साकोआल्कोस नदी दक्षिणेच्या, वाहाका राज्यातल्याच डोंगरांत उगम पावते. नदी वाळू वाहून आणते आणि कुंभार नदीकाठची वाळू उचलतो. मैदानात वरच्या डोंगरांतला कण सापडला म्हणून भांडे डोंगरातले ठरत नाही. ही शंका फेटाळायला नदीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या टप्प्यांतली वाळू त्याच सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागेल.

निष्पत्ती

२००६ मध्ये 'लॅटिन अमेरिकन अँटिक्विटी'त दोन्ही बाजूंची लेखाला लेख अशी झुंज झाली. रॉबर्ट शेअरर आणि सहकाऱ्यांनी नमुन्यांची निवड आणि तर्काची साखळी यांवर बोट ठेवले. नेफ आणि सहकाऱ्यांनी उत्तरात हे आक्षेप म्हणजे धुराचा पडदा आहे, असे शीर्षकातच म्हटले. विद्वानांच्या भांडणात तापमान इतके वाढले की वाचणाऱ्याला मुद्दे वेगळे काढणे कठीण व्हावे.

मुद्दे तरी वेगळे काढले तर काय उरते? सान लोरेन्सोची भांडी दूरवर गेली, हे टिकले. पॅसिफिक किनाऱ्यावरचे कान्तोन कोर्रालितो हे सुमारे चारशे किलोमीटरवरचे स्थळ डेव्हिड चीथम यांनी खणले. तिथे ओल्मेक वळणाची भांडी आणि मूर्ती इतक्या मिळाल्या की तिथे सान लोरेन्सोहून आलेले लोकच राहत असावेत, असा तर्क त्यांनी केला. तो बरोबर असेल तर 'व्यापार' हेच चित्र अपुरे पडते. काही भांडी विकली गेली नाहीत, ती माणसांबरोबर स्थलांतरित झाली.

भांड्यांत काय होते, हाही प्रश्न मागाहून उघडला. २०११ मध्ये सान लोरेन्सोच्या भांड्यांत कोकोतले थिओब्रोमीन सापडले. समारंभात कोको पाजायचे भांडे असेल तर ते डोंगर ओलांडून का गेले याचे एक समजण्याजोगे कारण मिळते: पाहुणचार, मान, सोयरिकीचा आहेर.

'एकतर्फी'चा दावा मात्र ज्या ठसक्यात केला होता त्या ठसक्यात उभा राहिला नाही, असे माझे मत आहे. २०२० मध्ये ब्लॉम्स्टर यांनीच, व्हिक्टर सालासार चावेस यांच्यासह, एत्लातोंगो येथे इ.स.पू. १३७४ च्या सुमाराचे चेंडूखेळाचे मैदान प्रसिद्ध केले. डोंगराळ भागातले असे इतके जुने मैदान आधी माहीत नव्हते. चेंडूचा खेळ मेसोअमेरिकेच्या राजकारणाचा आणि धर्माचा कणा. तो घडवण्यात डोंगराळ भागाचाही आरंभापासून हात होता, असे त्यातून निघते. खापरांच्या वादात किनाऱ्याच्या बाजूने बोललेल्या संशोधकाच्याच खणतीतून हे निघाले, ही या प्रकरणातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. पुराव्याने जिथे नेले तिथे ते गेले.

काय वेगळे करता आले असते

पहिली गोष्ट निवडीची. बाहेरचा माल शोधायचा असेल तर सुबक, नक्षीदार खापरांच्या पेटीत शोधून भागत नाही. सान लोरेन्सोतल्या वेगवेगळ्या घरांच्या उकिरड्यांतून, साधी पाण्याची मडकी, शिजवायची भांडी, सुरया यांसकट, चिठ्ठ्या टाकून निवडावे लागते. मग 'शंभरांत किती' असे उत्तर येते आणि दोन्ही बाजूंना तेच हवे होते. मान्यवरांचे घर आणि सामान्य माणसाचे घर वेगळे मोजले तर आणखी चांगले, कारण आहेर वरच्या घरात थांबतो आणि बाजारचा माल सगळीकडे पसरतो.

दुसरी गोष्ट एकत्र कामाची. दोन्ही गटांनी मिळून सुरुवातीलाच शंभरेक खापरे ठरवायला हवी होती. प्रत्येकाचा एक तुकडा अणुभट्टीकडे, एक सूक्ष्मदर्शकाकडे, आणि कुठले खापर कुठून आले हे दोघांनाही न सांगता. जिथे निकाल जुळले असते तिथे वाद संपला असता. जिथे जुळले नसते तिथे कारण शोधता आले असते: मिसळलेली वाळू, जमिनीत हजारो वर्षे पडून बदललेली रसायने, की गट पाडतानाचा संख्याशास्त्राचा निर्णय. एकदा निबंध छापले गेले आणि बाजू ठरल्या, की असे काम करायला कोणी सहज तयार होत नाही. म्हणून ते आधी व्हायला हवे होते. खर्चही फार नव्हता. २००६ च्या लेखांमागे गेलेल्या मनुष्यतासांचा हिशोब मांडला तर कदाचित कमीच.

तिसरी गोष्ट मातीच्या नकाशाची. खापरांवरून खापरांचे मूळ ठरवताना एक वर्तुळ तयार होते: जिथे गट जास्त सापडला तिथे तो घडला, आणि तिथे घडला म्हणून दुसरीकडचा तुकडा आयात. मातीच्या खाणी, नदीच्या गाळाचे टप्पे, आजही हाताने भांडी घडवणाऱ्या गावांतली कुंभारणींची मिश्रणे यांचे दाट नमुने घेतले तर हे वर्तुळ तुटते. वाहाकात असे कुंभारकाम आजही चालते, कारागीर विचारले तर सांगतात की कुठली माती कुठल्या भांड्याला चालते आणि कुठली भाजताना तडकते. सान लोरेन्सोच्या परिसरात या कामाची सुरुवात शोचिल्तेपेकच्या पांढऱ्या मातीपासून करावी. केओलिनचे साठे मोजक्या जागी असतात, त्यामुळे त्या एका जातीचा उगम पक्का झाला तरी दोन्ही निबंधांतले निम्मे युक्तिवाद नव्याने तपासता येतील.